केडगाव, नगर, मिरज : सेवेच्या जुन्या गावांतून

बुधवार : पुणे ते केडगाव

नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमचा छोटा मिशन दवाखाना आहे, तिथे मी परिचारिका आहे. यंदाची सुट्टी घरी न घालवता मराठी मुलखातल्या जुन्या मिशनच्या गावांत घालवायची, असं मी ठरवलं. मिशनरी म्हटलं की लोकांना हातात बायबल घेऊन उपदेश करणारा माणूस दिसतो. माझा दिवस बाळांची वजनं घेण्यात, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मोजून देण्यात, जखमा धुण्यात आणि रजिस्टर भरण्यात जातो. देवाचं पाचारण ऐकून घराबाहेर पडलेल्या माणसाने हेच काम वर्षानुवर्षं कुठल्या बळावर करावं? हा प्रश्न घेऊन मी आमच्याआधी इथे राबून गेलेल्यांच्या गावी निघाले. त्यांच्या आयुष्यातले मोठे प्रसंग लहानपणापासून रविवारच्या शाळेत ऐकलेत. मला त्यांचा साधा दिवस कसा जायचा ते बघायचं होतं.

दुपारी पुण्याहून दौंडची शटल पकडली. हडपसर, लोणी, उरुळी, यवत. उसाचे फड, अधूनमधून गुऱ्हाळांचा धूर. समोर गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या आजी बसल्या होत्या. कुठे चाललीस, काय करतेस, अशी चौकशी झाली. मी सांगितल्यावर त्या थोडं थांबल्या आणि सरळ विचारलं, "म्हणजे बाटवता का तुम्ही लोकांना?"

हा प्रश्न मला नवा नाही आणि मी त्याचा राग धरत नाही. गरिबाच्या हातात औषध ठेवणारा माणूस बदल्यात काय मागतो, हे समाजाने विचारायलाच हवं. मी म्हटलं, "आजी, दवाखान्यात आलेल्याला मी धर्म विचारत नाही, ताप किती दिवसांपासून आहे ते विचारते. मी हे का करते असं कुणी विचारलं तर येशूचं नाव सांगते, लपवत नाही. पण औषधाच्या बदल्यात कुणाकडे विश्वास मागितला, तर तो विश्वासही खोटा आणि माझी सेवाही खोटी."

आजींनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. "आमच्या वारीत पण पाय चेपणारे येतात. नाव गाव काही विचारत नाहीत," म्हणाल्या. मग यवत येईपर्यंत आम्ही त्यांच्या गुडघेदुखीबद्दल बोललो.

गुरुवार : मुक्ती

केडगाव स्टेशनवरून मुक्ती मिशनला जायला वाट विचारावी लागत नाही. आवारात शिरल्यावर पहिल्यांदा जाणवते ती जागेची ऐसपैस मांडणी. मोठं दगडी चर्च, झाडं, मुलींची घरं, विहिरी. पंडिता रमाबाईंनी ही जमीन घेतली तेव्हा फळबाग लावून पुण्यातल्या शारदा सदनाचा, म्हणजे विधवा मुलींसाठी काढलेल्या त्यांच्या शाळा-वसतिगृहाचा, खर्च भागवावा, एवढाच बेत होता. मग १८९६ चा दुष्काळ आला, पाठोपाठ पुण्यात प्लेग आला, आणि फळबागेच्या जमिनीवर माणसं राहायला आली. रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी, बेवारस मुली घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास इथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली होती.

हा आकडा मी पूर्वीही वाचला होता. आज स्वयंपाकघरात बायकांबरोबर ज्वारी निवडायला बसले तेव्हा तो अंगावर आला. दोन हजार माणसं म्हणजे रोज किती धान्य, किती सरपण, किती पाणी! आधी विहीर खणायची, मग प्रार्थना करायची की आधी प्रार्थना आणि मग विहीर, असा वाद घालायला इथे कुणाला वेळ होता असं वाटत नाही. दोन्ही एकाच हातांनी चालत होतं. मुली विणकाम शिकल्या, तेलाचा घाणा चालवायला शिकल्या, गाईगुरं सांभाळायला, कपडे शिवायला, छापखाना चालवायला शिकल्या. अंध मुलींना ब्रेल आणि वेतकाम शिकवलं गेलं. आजही इथे अंध बहिणी राहतात. त्यांच्यातल्या एकीने माझा हात चाचपून विचारलं, "नर्स आहात का? हाताला स्पिरिटचा वास येतो." माझ्यापेक्षा भरभर ती ज्वारीतले खडे बाजूला काढत होती.

रमाबाईंच्या मागे उपासाची स्वतःची ओळख होती. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी १८५८ मध्ये जन्मली, वडिलांनी तिला संस्कृत शिकवलं आणि सगळं कुटुंब पुराणं सांगत तीर्थांमागून तीर्थं फिरलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ उरले, पायी चालत राहिले. वीस वर्षांनी मध्य प्रांतातल्या रस्त्यांवर हाडं निघालेली पोरं दिसली तेव्हा त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला वाटतं, पाचारण म्हणून आपण जे म्हणतो ते बहुतेकदा असंच येतं. आपण स्वतः सोसलेलं दुःख दुसऱ्याच्या अंगावर दिसतं आणि मग घरी परत जाता येत नाही.

त्यांच्यावर टीका झाली तीही इथे मनात ठेवावी लागते. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या काही मुली प्रार्थनेला बसू लागल्या, त्यांचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे वळला, आणि न्या. रानडे, डॉ. भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. त्यांची अस्वस्थता मला कळते. लोकांनी विश्वासाने आपल्या मुली सोपवल्या होत्या. पण ज्या बाईने कुणाला चर्चमध्ये ओढलं नाही आणि कुणाला दारातून हाकललंही नाही, तिने स्वतःच्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करू नये, असंही मी म्हणू शकत नाही. हे ओझं आजही आमच्यापैकी प्रत्येकाला उचलावं लागतं. त्यातून सुटायचा सोपा रस्ता मला सापडलेला नाही. रोज सरळ वागायचं, एवढंच हातात असतं.

दुपारनंतर छापखान्याबद्दल ऐकत बसले. रमाबाई पन्नाशीकडे झुकल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. खेड्यातल्या बाईला वाचता यावं म्हणून सोप्या मराठीत. छपाईचे खिळे जुळवायला, मुद्रितं तपासायला, पानं दुमडून बांधायला याच आवारातल्या बायका. त्यांच्यातल्या कित्येक जणी दुष्काळात इथे आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. हे काम जवळजवळ दोन दशकं चाललं. मधल्या काळात रमाबाईंचं ऐकणं कमी झालं, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. शेवटची मुद्रितं वाचून होण्यापुरते दिवस मिळावेत अशी त्यांनी प्रार्थना केली आणि ती हातावेगळी झाल्यावरच त्या गेल्या, असं इथे सांगतात. ५ एप्रिल १९२२ हा तो दिवस. ग्रंथ छापून पुरा झाला तो त्यानंतर.

मला त्या शेवटच्या दिवसांपेक्षा मधली वर्षं जास्त मोलाची वाटली. एखाद्या दुपारी बाहेर ऊन आहे, स्वयंपाकघरातून धान्य संपत आल्याचा निरोप आलाय, आणि ही बाई वंशावळींची नावं असलेलं पान तपासतेय. त्या पानात काही उदात्त नाही. नुसती नावं आहेत. ती चुकू नयेत म्हणून ती पुन्हा वाचतेय. मला हवा होता तो साधा दिवस इथे भेटला.

संध्याकाळच्या प्रार्थनेत लहान मुलींनी इतक्या जोरात गाणी म्हटली की पाळकसाहेबांना बोलायला थांबावं लागलं.

शुक्रवार : दौंडमार्गे नगर

दौंडला गाडी बदलून नगर. उन्हाचा प्रवास, उभी ज्वारी, फारसं सांगण्यासारखं काही नाही. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, स्टेशनबाहेर घ्यायला आलेली आत्या मात्र अजून नगरच म्हणते. "सलाम गं, वाळलीस," हे तिचं पहिलं वाक्य आणि "आधी जेव," हे दुसरं.

शनिवार : मिशन कंपाउंडचं नगर

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ पासून नगरला त्यांचं ठाणं झालं. इथल्या मराठी ख्रिस्ती घरांची पाळंमुळं त्या काळापर्यंत जातात. 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिक १८४२ मध्ये याच शहरात सुरू झालं आणि अजून निघतो. आत्याच्या कपाटात त्याचे जुने अंक दोरीने बांधून ठेवलेत.

आज मला सिंथिया फॅरार या बाईंच्या गावात चालायचं होतं. लग्न न केलेली अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईत आली, १८३९ मध्ये नगरला आली आणि १८६२ मध्ये इथेच वारली. मुलींच्या शाळा चालवणं हे तिचं काम. तिच्या नावावर गाजलेलं भाषण नाही, मोठा चमत्कार नाही. त्या काळात मुलगी शाळेत यावी म्हणून घरोघर जायचं, आज आलेली उद्या लग्न होऊन जायची, पुन्हा पाटीवर पहिल्यापासून. १८४८ मध्ये जोतीराव फुले नगरला आले, फॅरारबाईंची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि पुण्याला परतून मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही अध्यापनाचं शिक्षण फॅरारबाईंकडे घेतलं, असं मानलं जातं. पाहुणा म्हणून आलेला तो विशीतला तरुण पुढे काय करणार हे बाईंना माहीत असण्याचं कारण नव्हतं. तो वर्गात आला तो दिवस त्यांच्यासाठी शाळेचा नेहमीचा दिवस असणार. पाहुणे गेल्यावर त्यांनी पुढचा धडा घेतला असेल.

मला हे वाचून नेहमी धीर येतो, कारण दवाखान्यात आम्ही दर वर्षी अहवाल लिहितो आणि त्यात 'फलित' नावाचा रकाना असतो. त्यात काय लिहावं हे मला दर वर्षी छळतं. फॅरारबाईंचं सगळ्यात मोठं फलित त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कधी आलंच नाही. ते पुण्यात भिडेवाड्यात, फुल्यांच्या शाळेत उभं राहिलं, ख्रिस्ती न होता. देवाचं काम आमच्या रजिस्टरच्या चौकटीत मावलं पाहिजे असा हट्ट मी सोडलाय, आणि आज नगरच्या उन्हात चालताना तो सोडल्याचं समाधान वाटलं.

आत्याच्या आजोबांना १९०० च्या दुष्काळात मिशनच्या बोर्डिंगात आसरा मिळाला होता. तिथे ते सुतारकाम शिकले. त्यांनी केलेली देवदारी पेटी आत्याकडे आहे, अजून कड्या घट्ट. त्या पिढीतल्या हजारो अनाथ मुलांना नुसतं जगवून भागणार नव्हतं, हाताला कसब द्यायला हवं होतं. म्हणून नगरच्या मिशनने सुतारशाळा, गालिचे, विणकाम असे उद्योग उभे केले. चर्चिल नावाचे एक अमेरिकन इंजिनियर इथे मिशनरी म्हणून आले आणि त्यांनी आपलं आयुष्य हातमाग सुधारण्यात घातलं. कमी श्रमात जास्त कापड विणता यावं, एवढा त्यांचा ध्यास. मी त्यांच्याबद्दल आत्याकडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या सेवेबद्दलची कल्पनाच बदलली. मागाचा धोटा नीट सरकावा म्हणून रात्रभर जागणारा माणूस आणि गुडघ्यावर बसून रात्रभर जागणारा माणूस, या दोघांत देवाला कोण जवळचा हे ठरवायला मी धजणार नाही.

रविवार : उपासना आणि रस्सा

सकाळी उपासनेला गेलो. पेटी, तबला, टाळ. नगरच्या मंडळ्यांत भजन आणि कीर्तन हे आपलं आहे, उसनं नाही. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा ज्ञानोबा-तुकोबा त्यांनी मागे टाकले नाहीत. ओवी आणि अभंग घेऊन ते ख्रिस्ताकडे आले, आणि त्यामुळेच आज माझ्या शेजारी बसलेली भाजीवाली मावशी पुस्तक न उघडता डोळे मिटून पद म्हणू शकते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे तिथे यावेत ही त्यांची इच्छा. दोन वर्षांत ते गेले. तो दरबार त्यांच्या मनात होता तसा उभा राहिला असता तर मराठी मंडळीचं रूप आज वेगळं असतं, असं मला मनापासून वाटतं.

उपदेश येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या प्रसंगावर होता. पाळकसाहेब म्हणाले, त्या रात्री पाय धुणं हे काही प्रतीक वगैरे नव्हतं, पाय खरोखर धुळीने भरलेले होते. एवढं एक वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

मग आत्याकडे मटणाचा रस्सा, भाकरी, आणि शेजारच्या चार घरांतली माणसं. कुणाच्या मुलाला नोकरी लागत नाही, कुणाच्या सुनेचं बाळंतपण जवळ आलंय, कुणी बहिणीशी बोलत नाही. आत्या प्रत्येकाचं ऐकून घेते, वाढता वाढता. निवृत्त शिक्षिका, मिशनच्या कुठल्याच यादीत तिचं नाव नाही. पण या गल्लीत कुणाला रात्री दोन वाजता दार वाजवायचं झालं तर ते तिचंच वाजतं. जुन्या काळी बायबलबाया घरोघर जायच्या, बायकांना वाचायला शिकवायच्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्ट्या ठेवायच्या. आत्याची आजी तशी बायबलबाई होती. परदेशी मिशनऱ्यांची चरित्रं छापली गेली. या बायांच्या वहाणा किती झिजल्या हे कुणी लिहून ठेवलं नाही. मला त्यांचं ऋण सगळ्यात मोठं वाटतं.

सोमवार

एसटीने पुणे, रात्रीच्या गाडीने मिरज. वाटेत दवाखान्यातून सहकाऱ्याचा फोन आला : सिकलसेलची एक मुलगी सांधे दुखतात म्हणून आलीय, ताप नाही. मी म्हटलं, पाणी भरपूर पाजा, ऊब द्या, वेदनाशामक द्या, आणि श्वास लागला किंवा छातीत दुखायला लागलं तर थांबू नका, जिल्हा रुग्णालयात हलवा. पहाटे मेसेज आला, ती शांत झोपलीय.

मंगळवार : मिरज

मिरज म्हटलं की तंबोरे आणि दवाखाने. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये संस्थानिकांनी दिलेल्या जागेवर इथलं हॉस्पिटल उभं राहिलं. मिरज जंक्शन असल्याने रोगी रेल्वेने लांबून, कर्नाटकातूनही, येत. मोतीबिंदू काढून दृष्टी घेऊन गेलेला माणूस पुढच्या वेळी गावातले चार जण घेऊन यायचा. पण मला वॉनलेस मोठे वाटतात ते दुसऱ्याच कारणाने. १८९७ पासून त्यांनी इथल्याच तरुणांना वैद्यकी शिकवायला घेतली. आपल्या हातातलं कसब दुसऱ्याच्या हातात देणं हे शस्त्रक्रियेपेक्षा कंटाळवाणं काम आहे. विद्यार्थी चुकतो, पुन्हा सांगावं लागतं, आणि एखाद्या दिवशी तो आपल्यापेक्षा चांगलं करतो तेव्हा मन मोठं ठेवावं लागतं. क्षयरोग्यांसाठीचं आरोग्यधाम, ज्याच्यामुळे वॉनलेसवाडी हे नाव पडलं, आणि कुष्ठरोग्यांसाठीचं रिचर्डसन रुग्णालय, ही इथल्याच मिशनच्या कामाची पुढची पावलं.

कुष्ठरोगाच्या जखमा हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, त्यामुळे दुपारी त्या सेवेत अनेक वर्षं घालवलेल्या एका निवृत्त सिस्टरांच्या घरी गेले. बहुविध औषधोपचार सुरू झाल्यापासून रोग पूर्ण बरा होतो, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण नसांना आधीच इजा झालेली असेल तर गेलेली संवेदना सहसा परत येत नाही. पायात काटा मोडला तरी कळत नाही, त्यावर माणूस चालत राहतो, जखम हाडापर्यंत जाते. उपाय साधा आहे : रोज पाय पाण्यात भिजवायचे, कडक झालेली कातडी हळूच घासायची, ओल्या पायाला तेल लावायचं, तळवे नीट बघायचे, मऊ तळाची चप्पल घालायची. रोज. एक आठवडा चुकला की केलेलं सगळं वाया जाऊ शकतं.

सिस्टर म्हणाल्या, "पहिली काही वर्षं मी पाय धुताना मनातल्या मनात प्रार्थना म्हणायची. पुढे लक्षात आलं, मी प्रार्थना म्हणण्याकडे लक्ष देतेय आणि टाचेची भेग बघायची राहतेय. मग सोडून दिलं. भेग नीट बघायची, हीच माझी प्रार्थना झाली." त्यांच्या बोलण्यात पुस्तकी काही नव्हतं. चहा गाळता गाळता सांगत होत्या. माझ्या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर मला या प्रवासात कुणी दिलं नाही. बळ आधी मिळवून मग कामाला लागायचं, असं मी धरून चालले होते. सिस्टरांना ते कामातच, समोरच्या माणसाकडे नीट बघण्यातच मिळत गेलं होतं.

त्यांची नात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला सोडायला स्टेशनपर्यंत आली. रिक्षात तिने हळूच विचारलं, "ताई, मला मिशनच्या कामाला यायचंय. पण मला अजून तसं आतून स्पष्ट काही ऐकू आलेलं नाही. न ऐकता आलं तर चालतं का?"

"चाळीस वर्षं पाय धुतलेल्या आजीच्या घरात वाढलीस, आणखी काय ऐकायचंय?" मी म्हटलं. "पण डिसेंबरात येऊ नकोस. तेव्हा सातपुडा सुंदर असतो, सगळ्यांना राहावंसं वाटतं. पावसाळ्यात ये. रस्ते तुटतात, हगवणीचे रोगी वाढतात, वीज दोन दोन दिवस नसते. आमच्याकडच्या पावरी बोलीतले शरीराच्या अवयवांचे शब्द आधी पाठ कर, म्हणजे कुठे दुखतं ते कळेल. आणि महिनाभर राहून झाल्यावर ठरव. नको वाटलं तर तसं सांग, त्यात पाप काही नाही."

"परीक्षा जूनमध्ये संपते," ती म्हणाली. "कसं यायचं?"

मी तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं : मिरजेहून पुणे, पुण्याहून शहाद्याची एसटी, तिथून आमच्या बाजूला जाणारी जीप, ती बाजाराच्या दिवशी लवकर भरते म्हणून सकाळीच गाठायची, आणि सामानात एक चांगला टॉर्च.